कानावरून माणूस ओळखणारे बन्सीधरकाका

पिंगळी स्टेशनाबाहेर आमच्या बन्सीधरकाकांचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. पण देवांपेक्षा त्यांना माणसांच्या फोटोंचा नाद जास्त. कुणी जुना फोटो आणला की त्यातला माणूस कोण आणि साल कोणतं, हे ते फुकट सांगायचे. न विचारताही सांगायचे. “माणसाचं सगळं बदलतंय, कान बदलत न्हाई,” हे त्यांचं शास्त्र. आपलं चुकलं असं ते कधी म्हणायचे नाहीत, आणि मला त्याचाच लय राग यायचा.

निजामाच्या राज्यातल्या फसली सन १३४७ मध्ये, म्हणजे इंग्रजी १९३७-३८ च्या सुमारास, झरीची कडूबाई एक फोटो घेऊन आली. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि नांदायला जायच्या आधीच नवरा पटकीनं गेला; ती माहेरी झरीलाच राहिली. लग्नात मान खाली घालून बसलेल्या त्या पोरीनं त्याचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं. आता तिकडे सासू वारल्यावर तिच्या ट्रंकेत हा फोटो निघाला होता. सात पुरुष, सातही जणांना सारखेच पटके. गावात विचारलं तर पाच जणांनी पाच ठिकाणी बोट ठेवलं.

“ह्यातले आमचे कोणते, तेवढं सांगा काका.”

काकांनी भिंग लावलं. “मागं तुमची चावडी हाय, तिच्यावर पत्रे न्हाईत. पत्रे चढले तेराशे एक्केचाळीसला. तुझं लगीन चाळीसचं. म्हंजे फोटो लग्नातलाच. सासूचे कान कसे व्हते?”

“म्होरं वाकलेले.”

“मग ह्यो बघ!”

काकांनी फोटो झकास मढवून दिला. कडूबाईनं तीन वर्षं रोज सकाळी काचेवर त्या माणसाच्या कपाळी गंध लावलं, फूल वाहिलं, सणावाराला निवद दाखवला.

मग एकदा बैल बघायला म्हणून नवऱ्याचा मामेभाऊ आश्रुबा झरीत आला. पाणी प्यायला तिच्या घरी शिरला आणि तसबिरीपाशी थबकला.

“वहिनी, ह्यो तर मी हाय! तरीच मला सारखी उचकी लागायलीय!”

कडूबाई हसली नाही. दुसऱ्याच दिवशी तसबीर आणि आश्रुबा, दोघांनाही घेऊन ती दुकानात हजर झाली.

काकांनी फोटोतले कान पाहिले, मग आश्रुबाचे. “कान बराबर सासूच्या माहेरचेच निघाले की!” ते खुशीत म्हणाले. मग त्यांचं लक्ष कडूबाईच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं. “चुकलं माझं, बाई.”

“ऱ्हाऊ द्या. भाऊजी, तुमी तर तिथंच बसला व्हता. तुमीच दावा.”

आश्रुबानं कडेच्या माणसावर बोट ठेवलं. त्याच्या तोंडाच्या जागी नुसता पुसट डाग होता.

“हालला ह्यो,” काका पुटपुटले.

“हालला खरा. फोटोवाला वरडत व्हता, हालू नका म्हणून. तेवढ्यात वहिनी, तुमी घागर घेऊन दारात आलात. ह्यानं वळून तुमच्याकडंच बघितलं.”

कडूबाई त्या डागाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“एवढ्या माणसांत? लाज न्हाई वाटली?” ती फोटोलाच म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्यावर रागावली.