पिशवीवाला काका ब्रुकलिनमध्ये

ब्रुकलिनमधल्या एका हैतीयन घराच्या दारात मी हसत हसत, हात जोडून, स्वतःची ओळख मारेकरी म्हणून करून दिली.

रविवारी जर्सी सिटीहून निघताना माझ्या मुलीने, मृण्मयीने, मला बजावलं होतं. तिची मैत्रीण नादीन हिच्या आईकडे, मॅडम योलांदकडे, आम्ही जेवायला चाललो होतो.

"बाबा, त्यांचा हैतीतला भाऊ आज घर सोडून निघालाय. राजधानीबाहेरचे रस्ते बंदूकवाल्या टोळ्यांनी ब्लॉक केलेत. तो उत्तरेला पोचल्याचा फोन येईपर्यंत टेन्शन आहे. तुम्ही फक्त हॅलो म्हणा."

नुसतं हॅलो म्हणून गप्प बसणं आमच्या घराण्यात नाही. ट्रेनमध्ये फोनवर क्रेओल (हैतीची बोली) धुंडाळली. काका म्हणजे 'टोंटों'. माझ्या खांद्यावरच्या शबनमसारख्या पिशवीला 'माकूत'. झालं की, पिशवीवाला काका!

ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागात उतरलो तर फुटपाथवर आंबे, सुरणासारखे कंद आणि तळलेल्या केळ्यांचा वास. आजोळी आल्यासारखं वाटलं. त्याच खुशीत, दार उघडताच म्हणालो, "मी टोंटों माकूत."

मॅडम योलांदच्या हातातला डाव हवेतच राहिला. त्यांनी माझा काळा चष्मा पाहिला, निळा डेनिमचा शर्ट पाहिला, पिशवी पाहिली.

"टोंटों माकूत म्हणजे आमचा बागुलबुवा," त्या शांतपणे म्हणाल्या. "मुलांना पिशवीत घालून नेणारा. पुढे हुकूमशहाच्या बंदूकवाल्यांना लोकांनी तेच नाव दिलं. असाच चष्मा, असाच शर्ट. माझ्या वडिलांना त्यांनी नेलं, ते परत आले नाहीत." मग बाजूला सरकल्या. "चष्मा काढा आणि जेवायला बसा."

मी चष्मा पिशवीत खुपसला आणि टेबलाशी बसलो.

भोपळ्याचं सूप आलं. गुलामीत हे शिजवायचं त्यांच्या पूर्वजांनी आणि प्यायचं मालकांनी. म्हणून स्वतंत्र झाल्यावर सगळ्यांनी तेच प्यायलं, असं नादीनने सांगितलं. टेबलावर मधोमध फोन ठेवलेला. तेवढ्यात टिंग वाजलं आणि सगळे दचकले. तो माझा फोन होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल आलं होतं. मॅडम योलांदनी मला आणखी एक डाव वाढला. एक थेंबही सांडला नाही. मी बघतच राहिलो.

अखेर खरा फोन वाजला. व्हिडिओवर धुळीने माखलेला, हसरा चेहरा. भाऊ पोचला होता. मॅडम योलांद तेव्हा कुठे खुर्चीत बसल्या आणि ॲप्रनने डोळे पुसले. मग त्यांनी फोन माझ्याकडे फिरवून क्रेओलमध्ये काहीतरी सांगितलं. भाऊ काहीतरी बोलला आणि घर हसण्याने दणाणलं. मीही हसलो, न कळता हसण्याचा मला सराव आहे.

परतीच्या ट्रेनमध्ये पिशवीत सुपाचा गरम डबा होता. बंदूकवाल्यांची नावं बदलत राहिली, पण या बाईंचं दार बंद झालं नाही, त्या मारेकऱ्यांचं नाव सांगत आलेल्यासाठीसुद्धा. न राहवून मृण्मयीला विचारलं, "तो भाऊ काय म्हणाला गं?"

"नादीनने सांगितलं मला. जाऊ दे ना, बाबा."

"सांग."

"म्हणाला, टोंटों माकूत यांच्यासारखे असते, तर मी घर सोडलंच नसतं."