एकतीस तारखेची सुट्टी

सदाशिव पेठेतल्या त्या गल्लीत विषम तारखांना गाड्या डाव्या हाताला लावायच्या आणि सम तारखांना उजव्या. पाटी अर्धी झाडाआड गेली आहे, पण टोइंगवाल्यांना ती पाठ आहे. चुकीच्या बाजूची गाडी दिसली की ट्रकवरचा माणूस भोंग्यातून नंबर पुकारतो आणि मालक चपला शोधत जिना उतरेपर्यंत गाडी ट्रकवर चढलेली असते.

रामदास दाबक्यांची गाडी कधी चढली नाही. पहाटे दूध घ्यायला ते खाली उतरत, आपली करडी स्कूटर या बाजूची त्या बाजूला ढकलत आणि वर बघून हात करत. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत सुहासिनीबाई कप घेऊन उभ्या असत. गाडीचं हँडल लॉक दाबके कधीच करत नसत. "ही गाडी नेणारा चोर आधी मेकॅनिककडे जाईल आणि मग आपल्याकडे भांडायला येईल," असं त्यांचं म्हणणं. एकतीस तारखेनंतर एक तारीख आली की दोन्ही विषम, म्हणजे गाडी हलवायला नको. त्याच्या आदल्या रात्री जेवताना ते जाहीर करत, "उद्या गाडीला सुट्टी."

"गाडीला की तुम्हाला?" सुहासिनीबाई विचारत. लग्नाइतका जुना नसला तरी स्कूटरइतका जुना विनोद होता तो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका पहाटे छातीत दुखू लागलं म्हणून दाबके रिक्षात बसून दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासिनीबाई गॅलरीत आल्या आणि कप हातात तसाच राहिला. तारीख सम होती आणि हलवणारं घरात कोणी नसताना स्कूटर उजव्या बाजूला उभी होती. त्याच्या पुढच्या दिवशी ती डावीकडे होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा उजवीकडे.

सुहासिनीबाईंचा जन्म पोस्टाच्या काउंटरमागे गेलेला. "सही जुळत नाही" हे वाक्य त्यांनी भल्याभल्यांना ऐकवलेलं. देवाला हात जोडत, पण नवस कधी बोलल्या नाहीत. अशा बाईने खाली जाऊन चार जणांना विचारायला हवं होतं. त्यांनी एकालाही विचारलं नाही. पहाटे जाग आली की त्या अंथरुणात पडून ऐकत राहायच्या. आधी स्टँड निघाल्याचा खट् असा आवाज, मग रस्त्यावरून चाकं सरकल्याची घरघर, मग पुन्हा खट्. गॅलरीत जायला चार पावलं पुरली असती. बघितलं तर थांबेल, असं त्यांना वाटे. सगळं शांत झालं की त्या उठायच्या आणि दोन कप चहा टाकायच्या.

मुलगी पूर्णिमा बाणेरहून फोन करायची. "आई, ती स्कूटर विकून टाकू या ना. मी ऑनलाइन फोटो टाकते, दोन दिवसांत जाईल."

"असू दे."

"अगं, पण चालवणार कोण?"

"चालवायला कशाला हवी? असू दे म्हटलं ना."

पूर्णिमाला काय सांगणार? गाडी गेली तर बाबा पहाटे येतील कशाला, असं मुलीला फोनवर सांगता येत नाही.

मार्चची एकतीस तारीख आली. रात्री ताटावर बसताना सुहासिनीबाईंनी दाबक्यांच्या फोटोकडे बघून सांगितलं, "उद्या गाडीला सुट्टी, बरं का." मनाशी त्यांनी परीक्षाच ठरवली होती. उद्या गाडी जागची हलली नाही, तर हलवणारे तेच. पुरावा कच्चा आहे, हे पोस्टातल्या बाईला कळत होतं. पण सही जुळावी असं आयुष्यात पहिल्यांदाच इतकं मनापासून वाटत होतं.

पहाटे त्या कान देऊन पडल्या होत्या. बराच वेळ काही नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं असावं, तेवढ्यात खाली खट् झालं. चाकं घरघरली. पुन्हा खट्.

त्या उठल्या नाहीत. उन्हं घरात आली तेव्हा उठून त्यांनी एक कप चहा केला.

दहाच्या सुमारास गल्लीत भोंगा वाजला. "करडी स्कूटर, नंबर बावीस तेरा! कोणाची आहे बावीस तेरा?"

"अहो, गाडी!" सुहासिनीबाई आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या. ओरडून झाल्यावर त्यांना कळलं. आतून कुणी उठल्याचा आवाज आला नाही.

त्या गॅलरीत धावल्या. स्कूटर ट्रकवर चढली होती, ट्रक निघाला होता आणि पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस हात वर करून त्यामागे पळत होता. एक क्षण त्यांनी कठडा घट्ट धरला. मग तो माणूस वळला. तो दूधवाला सर्जेराव होता, एक तारीख म्हणून दुधाचे पैसे घ्यायला आलेला.

धापा टाकत तो वर आला. "चुकलं माझं, काकू. एकतीसमागं एक येतंय, हे सकाळी ध्यानातच न्हाई आलं."

"म्हणजे तुम्ही हलवत होतात?"

"मग? तुम्हाला ठाव न्हाई?" सर्जेराव गोंधळला. "रिक्षात बसताना काका म्हनले व्हते, 'सर्जेराव, मी येईपर्यंत गाडीची बाजू बदलत जा.'"

"अहो, पण ते..."

"व्हय, काकू. पन ते 'येईपर्यंत' म्हनले. बंद कधी करायचं, ते न्हाई सांगितलं."

सुहासिनीबाई चपलांच्या कपाटावर टेकल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि एकतीस तारखेचं? ते नाही बोलले?"

"न्हाई," सर्जेराव म्हणाला. "त्याच्या आतच येणार व्हते ना."

त्या उठल्या आणि आतून कागदपत्रांची पिशवी घेऊन आल्या. "चला. गाडी आणायची आहे."

उचललेल्या गाड्या पुलाखाली दाटीने लावल्या होत्या. टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "गाडी कोणाच्या नावावर?"

"मिस्टरांच्या."

"मग त्यांना पाठवा. ज्याची गाडी त्यालाच मिळते."

"त्यांना पाठवता आलं असतं, तर मी कशाला आले असते?" सुहासिनीबाईंनी मृत्यूच्या दाखल्याची प्रत त्याच्यापुढे सरकवली.

त्याने कागद वाचला, मग पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "बसा, काकू," म्हणून स्वतःची खुर्ची दिली. पावती मुकाट्याने फाडली.

बॅटरी उतरली होती, म्हणून सर्जेराव गाडी ढकलत निघाला. सुहासिनीबाई सीटवर हात ठेवून शेजारून चालत होत्या, आजारी माणसाला घरी आणावं तशा. गल्लीत डाव्या हाताला गाडी लावून सर्जेरावने विचारलं, "मग, काकू? उद्या?"

"उद्या दोन. सम." सीटवरचा हात त्यांनी काढला नाही. "उद्यापासून तुम्ही सुटलात, सर्जेराव. मी येईन खाली."

"जड हाय, काकू."

"बघू."

पहाटे त्या खाली उतरल्या. खालून आपली गॅलरी इतकी लहान दिसते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सर्जेराव दुधाचा क्रेट दोन्ही हातांत धरून समोर रस्त्यात उभा राहिला, एखादी रिक्षा आलीच तर अडवायला. स्टँड निघाला. पण पुढचं चाक गटाराच्या झाकणाच्या कडेला अडलं आणि गाडी हलेना. त्यांनी अंग टाकून ढकलली. पुन्हा ढकलली.

"अहो," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

गाडी झाकणावरून गेली आणि पलीकडच्या बाजूपर्यंत अलगद सरकत गेली, उतारावरून जावी तशी. त्या गल्लीला उतार नाही.

"जमलं की, काकू, एकटीनं!" सर्जेराव म्हणाला.

सुहासिनीबाईंनी स्टँड लावला. खट् झालं. मागे वळून त्यांनी बघितलं नाही. तशाच उभ्या राहून हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता सुट्टी थेट मे संपताना. लक्षात आहे ना?"

"व्हय, काकू," सर्जेराव म्हणाला, "आता न्हाई चुकायचो."