सुमनताई आणि पडलेलं पिल्लू

डहाणूच्या बाजारात मी सोडे निवडत होते, कोळणीशी गप्पा ऐन रंगात आल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. थोरल्या दिरांचा. भाऊजी फोनवर कधी दोन शब्दांच्या पुढे जात नाहीत, त्या दिवशीही गेले नाहीत. "कुसुम, ये." मी समजले. सोडे तसेच टोपलीत ठेवले आणि स्टँडवर आले, तर बोर्डीची एसटी उभीच. खिडकीपाशी बसले. डावीकडे समुद्र, सुरूची झाडं, वाळत घातलेले बोंबील... सगळं जागच्या जागी होतं आणि मला त्याचा भयंकर राग येत होता. सुमनताईंना जाऊन आता दीड महिना झाला. राग अजून पुरता गेलेला नाही.

सुमनताई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यांनी बजावलं होतं, थोरलीशी जपून वाग. कशाचं जपून आणि कशाचं काय! ही बाई दुपारची भांडी झाली की ओटीवर येऊन बसायची आणि चिकूच्या सावलीकडे बघत राहायची. समोर बोललं तरी ऐकू जायचं नाही. वाडीत दुपारी उजेडसुद्धा हिरवा असतो, वारा लांबून समुद्राचा आवाज घेऊन येतो आणि माणूस जागं आहे की झोपेत, ते त्याचं त्यालाच कळत नाही. मी चिडून म्हणायचे, "ताई, परत या आता." त्या हसून म्हणायच्या, "आले गं... तू चहा टाक." म्हणजे उठायचं मीच!

पण त्या बघत काय असायच्या, ते मला फार उशिरा कळलं. कुठल्या झाडावर कुणाचं घरटं आहे, याचा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात असायचा. छाटणीच्या आधी त्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन वाडीभर फिरायच्या आणि घरटं असलेल्या फांदीला एक चिंधी बांधायच्या. आमच्याकडे चिंधी म्हणजे हात लावायचा नाही. छाटणीला येणारी माणसं वर्षानुवर्षं तीच, त्यामुळे कुणाला सांगावं लागत नसे.

दोन हजार सोळा साली नवीन माणसं आली, तलासरीकडची. त्यांच्या सवयीच्या वाड्यांमध्ये चिंधी बांधतात ती तोडायच्या फांदीला. त्यांनी बिचाऱ्यांनी सुमनताईंची प्रत्येक चिंधी शोधून, नेमकी तीच फांदी, अगदी निगुतीने उतरवली! एका फांदीवर बुलबुलाचं घरटं होतं. एक पिल्लू जिवंत सापडलं, पालापाचोळ्यात चोच वासून पडलेलं. अंगावर पिसं म्हणावी अशी नव्हतीच.

आणि नेमकं त्याच दुपारी आम्हाला वापीला निघायचं होतं. सुमनताईंच्या पोटात गाठ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. बॅग भरलेली, गाडी दारात.

मी धावत जाऊन चपलांचा रिकामा खोका आणला, कापूस आणला. म्हटलं, घरात ठेवू, मी भिजवलेलं पीठ भरवते. सुमनताईंनी खोका बाजूला सारला. नारळाची करवंटी घेतली, आत काथ्या पसरला, पिल्लाला दोन बोटांनी उचलून त्यात ठेवलं आणि करवंटी शेजारच्या झाडाच्या फांदीला सुतळीने बांधून टाकली.

"अहो, हात लावलात! आता त्याची आई त्याला घ्यायची नाही," मी ओरडले.

"घेईल. तुम्ही सगळे आत व्हा."

भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अगं, डॉक्टर काय तुझ्या पाखरासाठी थांबणार आहे?"

"ऑपरेशन उद्या आहे. ती आली की निघू. नाही आली तर मी येत नाही."

सुमनताई कधी हट्ट करत नसत, म्हणूनच आम्ही सगळे घाबरलो. भाऊजी गाडीत जाऊन बसले. कामाची माणसं विहिरीपलीकडे गेली. मी आणि ताई स्वयंपाकघराच्या खिडकीआड बसलो. समोर ती करवंटी, वाऱ्यावर जराशी झुलणारी... बघता बघता माझे डोळे जड झाले. सावल्या सरकत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग ताई हळूच बोलायला लागल्या, खिडकीबाहेरची नजर न काढता.

"मला मावशीनं वाढवलं, ठाऊक आहे ना तुला? तिला मूल नव्हतं, आईला आम्ही पाच मुली. मी दोन वर्षांची असताना आईनं मला डहाणूला मावशीच्या ओटीत घातलं. मग आई तलासरीहून यायची, बाजाराचं निमित्त करून. मावशी दारात उभी असायची, शेजारणी जमायच्या. आई पायरीवर बसून पाणी प्यायची, माझ्याकडे बघायची आणि निघून जायची. जवळसुद्धा घेत नसे. सगळे म्हणायचे, दिलेली मुलगी, आता आईची माया तुटली. मलाही तेच वाटत आलं."

"मग?"

"मग काही नाही गं. ही पाखरं बघायला लागले तेव्हा कळलं. माया तुटत नाही. आई येते. माणसं उभी असतात म्हणून परत जाते."

तेवढ्यात ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. फांदीवर बुलबुल येऊन बसली होती, चोचीत काहीतरी हिरवं. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, उडून गेली, पुन्हा आली... आणि करवंटीत वाकली.

सुमनताई उठल्या, पदर सारखा केला आणि गाडीत बसल्या. बसल्यावर म्हणाल्या, "उंबरगाववरून नको, तलासरीवरून घ्या." भाऊजींनी गाडी तिकडे वळवली. त्यांच्या आईच्या पाड्याबाहेर गाडी थांबली तेव्हा ताई मला म्हणाल्या, "तुम्ही गाडीतच बसा हं." आम्ही बसलो. काचासुद्धा वर केल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या केसांना तेल लावलेलं होतं, भांग नीट पाडलेला. वापी येईपर्यंत गाडीत खोबरेल तेलाचा वास होता.

त्यानंतरची तीन वर्षं त्या जगल्या आणि छान जगल्या. मायलेकी महिन्या-दोन महिन्यांनी भेटायच्या. मावशी तेव्हा हयात नव्हती, अडवणारंही कुणी नव्हतं. तरी दोघी चारचौघांत एकमेकींशी बेतानेच बोलत. जन्माची सवय.

दिवसकार्य झालं त्या दुपारी ताईंची म्हातारी आई आली. ऐंशीच्या घरातली, वाकलेली. घर माणसांनी भरलेलं होतं. सगळ्यांनी तिला घेरलं, कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी रडून दाखवलं. म्हातारी कोरडी. सुमनताईंच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली, मागे बघितलं आणि परत फिरायला लागली.

मग मात्र मी कुणाची भीड ठेवली नाही. "चला, चला, सगळे अंगणात. भाऊजी, तुम्हीसुद्धा." पाहुणे बघतच राहिले. थोरामोठ्यांशी असं वागतात का, म्हणाले. म्हणेनात का! म्हातारीला आत पलंगावर बसवलं, दार ओढून घेतलं आणि मीही लांब चिकूखाली जाऊन उभी राहिले.

मग आतून म्हातारीचा आवाज आला. ती रडत नव्हती, ओरडत होती. "उन्हातान्हाची फिरतेस, खात नाहीस, किती वेळा सांगायचं तुला? ऐकायचंच नाही ना माझं?" भाऊजी घाबरून दाराकडे निघाले. मी त्यांना हाताला धरून थांबवलं. म्हटलं, ओरडू दे. लेकीला ओरडायचं तिचं राहून गेलंय.