आई आमच्या गाडीत बसली

मंडळी, मी आणि माझा मित्र नीलेश मांजरी गावातल्या शेडमध्ये लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडून स्पोर्ट्‌स कार बनवतोय. ट्रॅकवर पळेल आणि रस्त्यावरही.

आज सकाळी आई पहिल्यांदाच ती बघायला आली. तिला आत बसायचं होतं. पण गाडीला दरवाजे नाहीत, छप्परही नाही, आणि बाजूची आडवी नळी तिला दुखऱ्या गुडघ्यामुळे ओलांडता येईना.

"राहू दे गं," ती म्हणाली.

तिचा उतरलेला चेहरा बघून मी नीलेशला म्हटलं, "कापूया ही नळी."

"कशासाठी आहे ती?" आईने विचारलं.

"बाजूने कोणी धडकलं तर आतल्याला लागू नये म्हणून," नीलेश म्हणाला.

"मग हात लावायचा नाही तिला. गाडी माझी लेक चालवणार आहे, मी नाही."

शेवटी आम्ही दोघांनी आईला उचलून वरूनच सीटवर ठेवलं. पट्टा लावताना तिला हसू आवरेना.

"आता उतरवायचं कसं?" नीलेशने विचारलं.

"ते नंतर बघा. आधी चालू करा."

मी तिच्या शेजारी चालकाच्या जागी बसले आणि आवारात दोन चकरा मारल्या. गाडीला अजून रंगही नाही, पण मला आज सगळं मिळालं.

तुमच्या असल्या खटाटोपात घरचं कोण सगळ्यात आधी सामील झालं?