गेर्लिंडेबाईंच्या दुकानातला रोल

डॉर्टमुंडमध्ये आगगाडीच्या डब्यांवर रंगाने नाव लिहिणारे आम्ही तेव्हा जेमतेम वीस जण होतो. साल शहाऐंशी. लिहिलेलं नाव दोन दिवसांत धुतलं जायचं, म्हणून फोटो काढायचाच. आणि आमचा शहाणपणा बघा, नाव खोटं लिहायचं, पण फोटोच्या पाकिटावर खरं नाव आणि पत्ता!

ती पाकिटं गेर्लिंडेबाईंच्या हाती पडायची. बाई फोटो धुण्याच्या दुकानात सत्तावीस वर्षं नोकरीला, पेन्शनला दोन वर्षं उरलेली, जिभेने तिखट. "अक्षरं सुजलीत का गं? डॉक्टरला दाखव," असं माझी फुगीर अक्षरं फोटोत बघून म्हणायच्या, पण माझा रोल मालकाला न दाखवता स्वतः धुवायच्या.

आख्खा डबा मी पहिल्यांदाच रंगवला होता. त्याचा रोल घ्यायला गेले, तर काउंटरवर रेल्वे पोलीस. रंगवलेल्या डब्यांचे फोटो शोधत तो खोक्यात आडनावांच्या क्रमाने लावलेलं एकेक पाकीट उघडून बघत होता. माझं आडनाव मारोन. तो 'एल'वर होता. नर्सिंगची शाळा, आई, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"आलीस?" बाई माझ्यावरच कडाडल्या. "कॅमेऱ्याचं झाकण उघडलंस ना मधेच? आख्खा रोल वाया! पैसे मागू नकोस, चालती हो!"

पोलिसाने मान वर केली. मला निरखून बघितलं. माझ्या नखात निळा रंग होता, मूठ वळली. तो परत खोक्याकडे वळला. 'एम' संपला. माझं पाकीट नव्हतंच.

तो गेल्यावर मी म्हटलं, "काय थाप मारलीत! द्या आता."

"थाप कसली? समोरच्या फोटोवाल्याकडे त्याला शिरताना बघितलं आणि तुझं सगळं मागच्या खोलीतल्या शेगडीत घातलं. फोटो, निगेटिव्हच्या पट्ट्या, सगळं."

"एखादा तरी लपवायचात!"

"कुठे? माझी पर्ससुद्धा उपसली त्याने." सिगारेट पेटवायला त्यांनी चार काड्या मोडल्या. "तुला अठरावं लागलंय, पोरी. मला अठ्ठावन्नावं. मी जास्त घाबरले."

मी रागाने आभारही न मानता निघाले. स्टेशनवर माझा डबा लागला होता, स्वच्छ धुतलेला. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. मागे फिरून दुकानापर्यंत गेले, पण आत जायचं धाडस त्या दिवशी झालं नाही.