अल्बममधला मास्तर

माझा शाळेतला मित्र फौजेच्या बँडमध्ये बावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून हवालदार म्हणून रिटायर झाला आणि रहिमतपूरला आपल्या घरी परत आला. घरच्यांना वाटलं, आता हा ऊस बघेल. तो ऊस बघायचा, पण बांधावर बसून, क्लॅरिनेट तोंडाला लावून. दोन वर्षं त्यानं असा ऊस बघितला आणि गेल्या दिवाळीनंतर त्याचा सात धुनांचा अल्बम निघाला. सांगलीच्या एका लहानशा स्टुडिओत त्यानं तो रेकॉर्ड केला आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं इंटरनेटवर चढवला.

मला लिंक आली, खाली मेसेज: ‘मास्तर, आईक आनि खरं खरं सांग. उगं गोड बोलू नगंस.’

मी पलूसला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. नोकरीला लागलो त्या दिवसापासून तो मला मास्तर म्हणतो. त्याआधी काय म्हणायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही. संगीतातलं मला फारसं कळत नाही. राष्ट्रगीत आणि गणपतीची आरती एवढ्या दोन गोष्टी मी सुरू झाल्याबरोबर ओळखतो. त्यामुळे मित्राला काय सांगायचं या काळजीनंच मी लिंक उघडली. धुनांची नावं वर-खाली केली आणि तिसऱ्या नावावर बोट थांबलं. तिसऱ्या धुनेचं नाव होतं ‘मास्तर’.

आजवर माझ्यावरून कशालाच नाव पडलं नव्हतं. पोरांनी मला साधं टोपणनावसुद्धा ठेवलेलं नाही, आणि शिक्षकाच्या आयुष्यात हा केवढा अपमान असतो ते शिक्षकालाच ठाऊक. माझे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनीच मी ती लिंक स्टाफरूमच्या ग्रुपवर टाकली, पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘बालमित्रानं माझ्यावर केलेली धून. तिसरी ऐका.’ मग सावकाश चष्मा पुसून मी ती स्वतः ऐकायला बसलो. उलटं करायला हवं होतं.

धून सुरू होते मोठ्या रुबाबात, कुणीतरी मान ताठ करून चालल्यासारखी. चार पावलं जाते आणि एकदम थांबते. मग क्लॅरिनेट चक्क घसा खाकरतं. मग तीन सुरांचा एक तुकडा येतो, वर चढत जाणारा, कुणाला तरी प्रश्न विचारल्यासारखा. उत्तर येत नाही. पुन्हा तोच तुकडा. उत्तर नाही. तिसऱ्या वेळी जरा चिडून. मग पुन्हा मान ताठ, पुन्हा चार पावलं.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “आवं, ह्ये तर तुमीच की!”

“कशावरून?”

“कशावरनं म्हंजे? चालताय तसं, खोकताय तसं. बघा, इचारतंय बी तसंच.”

सकाळी उठून ग्रुप बघितला तर हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. विज्ञानाच्या सरांनी लिहिलं होतं, ‘सर, हुबेहूब “कळलं का”!’ मला काही उलगडा होईना. शाळेत गेल्यावर त्यांनी समजावलं की मी दर दोन वाक्यांनी ‘कळलं का?’ असं विचारतो, उत्तर आलं नाही की पुन्हा विचारतो, आणि तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज चिरकतो. मी म्हणालो, “मी असं मुळीच करत नाही. कळलं का?” पुढचं मला बोलू दिलं नाही.

इथवर सुद्धा निभावलं असतं. पण आमचे हेडसर गुणग्राहक. त्यांनी गुरुवारच्या परिपाठाला प्रार्थना झाल्यावर माईक हातात घेतला आणि सांगितलं, “आपल्या सरांवर एका माजी सैनिकानं धून रचलेली आहे. ही आपल्या शाळेला अभिमानाची गोष्ट आहे.” मला पुढं बोलावून उभं केलं आणि फोन माईकला लावला. पहिल्या तीन सुरांना मैदान शांत होतं. दुसऱ्या वेळेला आठवी ‘ब’मधून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, “कळ-लं का?” तिसऱ्या वेळेला सगळी शाळा म्हणाली. शिपाईसुद्धा म्हणाला, मी बघितलं. हेडसरांना वाटलं मुलांना संगीताची गोडी लागली. त्यांनी ती धून पुन्हा लावली.

त्यानंतर व्हरांड्यातून चाललो की मागून तीन सुरांची शिट्टी यायची. मी थांबून वळायचो आणि घसा खाकरायचो. म्हणजे बाकीची धून मीच पुरी करायचो. खारे वारे आणि मतलई वारे शिकवताना ‘कळलं का’ ओठावर आलं की गिळायचो. मग पोरंच एकमेकांकडं बघून खुसखुसायची.

रविवारी मी मोटारसायकल काढली आणि कऱ्हाड, मसूर करत, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून धूळ खात रहिमतपूर गाठलं. वाटेत भांडण नीट पाठ केलं. तीस वर्षांची मैत्री, जगासमोर थट्टा आणि आणखी एक, असे तीन मुद्दे काढले होते.

वहिनी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. “या भावजी. सायेब गोठ्याकडं हाईत, ड्यूटीवर,” म्हणाल्या आणि माझा चेहरा बघून मागोमाग आल्या.

मित्र गोठ्याबाहेर खुर्ची टाकून क्लॅरिनेट पुसत होता. मला बघून एवढा आनंदला की माझा पहिला मुद्दा तिथंच पडला. दुसरा मी रेटून मांडला. “तुला माझी चेष्टा करायची होती तर घरी येऊन करायची. सगळ्या शाळेपुढं माझी शोभा केलीस.”

“मी? कवा रं?”

“मास्तर नावाची धून कुणी केली?”

त्यानं माझ्याकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं आणि उठून मोठ्यानं हाक मारली, “मास्तर!”

“काय?” मी म्हणालो.

“तू न्हवं गड्या. गप.”

कडब्याच्या गंजीमागून एक मेंढा बाहेर आला. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांब लोंबते कान, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. जत तालुक्यात माडग्याळला अशी मेंढरं मिळतात. त्याच्यामागं दोन मेंढ्या होत्या. तो मान ताठ करून चार पावलं चालला आणि थांबला. मागं वळून बघितलं. घसा खाकरला. आणि ओरडला: एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जरा चिडून. मेंढ्यांनी लक्ष दिलं नाही. त्यानं पुन्हा मान ताठ केली.

“ह्यो मास्तर,” मित्र म्हणाला.

मी खाली बसलो. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू, आणि लगेच थोडं वाईटही वाटलं. एवढी बदनामी सोसली ती दुसऱ्याची होती.

“म्हणजे माझा काही संबंधच नाही?”

मित्रानं क्लॅरिनेटच्या भोकात डोळा घालून काहीतरी शोधायला सुरुवात केली. मग मलाच सुचलं. “पण याचं नाव मास्तर का ठेवलंस?”

उत्तर वहिनींनी दिलं. “आवं भावजी, बाजारातनं आणला, टेम्पोतनं खाली उतरला, चार पावलं चालला आनि थांबून मागं बघाय लागला. ह्येंनी तितंच हात जोडलं. म्हणलं, या मास्तर, या.”

त्या पदर तोंडाला लावून घराकडं पळाल्या. आम्ही दोघं, म्हणजे तिघं, तिथंच राहिलो.

मित्र म्हणाला, “फौजेत माझ्या सुरावर चारशे मानसं पाय उचलायची. इथं आलो, वाजवाय लागलो, तर म्हस उठून जाती. घरात टीवीचा आवाज वाढतो. ह्यो एकटा उभा ऱ्हायला. वैरण समोर असली तरी तोंड लावत न्हाई, संपंस्तवर. दोन वरसं ह्यालाच ऐकवलंय सगळं.” मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “शाळंत असताना मी वड्याला पावा घिऊन बसायचो तवा तू तसाच बसायचास. तुला कळत काय बी न्हवतं. पर बसायचास.”

तिसरा मुद्दा काय होता तो मला आठवेना.

“ते जाऊ दे. बाकीच्या सा कशा वाटल्या?” त्यानं विचारलं.

मी शिक्षक आहे. न वाचलेल्या उत्तरपत्रिकेवर मत कसं द्यायचं ते मला येतं. “सहाही चांगल्या आहेत,” मी म्हणालो. “पाचवी तेवढी जरा लांबलीय.”

“पाचवी एक मिन्टाची हाय,” तो म्हणाला. “सगळ्यात बारकी.”

मेंढा माझ्याकडं बघत होता.

“ऐकलीस?”

“नाही.”

तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं क्लॅरिनेटचा एकेक तुकडा सुटा केला, फडक्यानं पुसला, पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि म्हणाला, “चल, जेव आदी. भाकरी गरम हाय.” जेवताना त्यानं उसाच्या तोडणीबद्दल बोलणं काढलं, आणि अल्बमचा विषय पुन्हा निघाला नाही. एवढ्या वर्षांत तो माझ्याशी कधी उसाबद्दल बोलला नव्हता. त्यावरून मला कळलं की त्याला किती लागलं आहे.

परतीच्या वाटेवर मी ठरवलं की शाळेत मेंढ्याचं सांगायचं नाही. शिट्टी सोसता येते. ‘बें बें’ सोसवणार नाही.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायको मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर फोन ठेवला आणि पहिल्यापासून लावला. पहिली पहाटेच्या परेडची होती, दुसरीत कुणीतरी रजेवर निघाल्यासारखं वाटत होतं. चौथी मला समजली नाही, पण मी पुढं ढकलली नाही. मग पाचवी आली. नाव होतं ‘टँकर’.

आधी एकच खालचा, लांबवर घुमणारा सूर, टेकाडापलीकडून गाडी चढत असावी तसा. मग तो थांबतो. आणि मग सगळे सूर एकदम धावत सुटतात, एकमेकांवर आदळत, घागरीवर घागर आपटावी तसे. संपलीसुद्धा.

बायकोच्या हातातली जुडी खाली आली. “बंतु,” ती म्हणाली.

ती जत तालुक्यातली, कर्नाटकच्या कडेच्या गावची. तिकडं निम्मं कानडी बोलतात. बंतु म्हणजे आला. रस्त्यावर बसलेल्या पोरांतलं कुणीतरी लांबवर धूळ बघून असं ओरडायचं आणि गाव घागरी घेऊन धावायचं.

“भावजींनी कवा बघितलं ह्ये?” तिनं विचारलं आणि मला एकदम आठवलं. आमच्या लग्नाला तो रजा काढून तिच्या गावी आला होता. मंगलाष्टकं चालू असताना टँकर आला आणि अर्धा मांडव रिकामा झाला. भटजी हातात अक्षता घेऊन थांबले होते. मी मुंडावळ्या बांधून उभा होतो. तिनं अंतरपाटाच्या कडेनं टाच उंचावून घागर कुणी घेतली ते बघितलं होतं.

“परत लावा,” ती म्हणाली. मी लावली. चार वेळा लावली. मग तिनं माझ्याच फोनवरून त्याला फोन केला.

“भावजी, त्यात शेवटाला जी आपटती ती माझ्या आईची घागर व्हय?” ती म्हणाली. पलीकडून तो काहीतरी म्हणाला आणि ही एवढ्यानं हसली की मेथी परातीतून सांडली. मग त्याच्याकडं ती टँकरवाल्याची, त्या वर्षीच्या उन्हाळ्याची, लग्नात त्याच्या बुटांत पाणी कसं गेलं त्याची चौकशी करत राहिली. मला मध्ये एकदा हातानं खूण करून विचारलं, तुम्हाला बोलायचंय का? मी मान हलवली, राहू दे म्हणून.

त्यांचं बोलणं पाऊण तास चाललं. मी खाली सांडलेली मेथी गोळा केली आणि निवडायला बसलो.