कोपरीच्या मिठागरावरचं शून्य

बाबांना फ्लेमिंगो बघायचेच नव्हते. "ते सगळेच बघतात," म्हणाले. बोटीतून फोटो काढायचं माझं स्वप्न तिथेच बारगळलं आणि रविवारी सकाळी मी मानपाड्याहून स्कूटी काढली. मागे बाबा. वय त्र्याहत्तर, निवृत्त गणित शिक्षक, डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण आणि संकष्टीचा उपास.

काम होतं पक्षी मोजायचं. किनाऱ्याचा आराखडा होतोय, आणि पक्ष्यांना कुठल्या जागा लागतातच, कुठे भराव नको, हे दाखवायला पक्षीमित्रांच्या एका गटाने खाडीचे तुकडे वाटून दिलेले. आमच्या वाट्याला कोपरीपलीकडचं बंद मिठागर. गटाच्या ताईंनी मला फोनवर बजावलेलं, "गेल्या वर्षी तिथे शून्य होतं. यंदाही शून्य आलं तर जागा नकाशातून जाईल. संध्याकाळी पाचच्या आत फॉर्म पाठवा." मी हे सांगितल्यावर बाबांनी चहा अर्धाच टाकून दिला. मला वाटलं, उपासामुळे.

तुम्ही जाणार असाल तर शिळफाटा आठच्या आत ओलांडा, नाहीतर ट्रकांची धूळ खात बसाल. मग मुंब्रा, कळव्याचा पूल आणि कोपरी. शंभरचं पेट्रोल पुरतं. जुने बूट घाला. माझे नवे होते, आता नाहीत.

नऊ ते दहा आम्ही बांधावर उभे. दुर्बिणीतून दिसला तो चिखल, आणखी चिखल आणि एक कुत्रा. बाबांनी पेनचं टोपण काढलं. "शून्य. चल."

"अहो बाबा, अजून बघूया ना थोडं!"

"एक तास म्हणजे एक तास. जे दिसलं ते लिहायचं, हवं ते नाही."

बांधाच्या कडेला एक मावशी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरत होत्या. लहानपणापासून याच मिठागरावर राबलेल्या, हे नंतर कळलं. त्या खो खो हसायला लागल्या. "आता कं बगताव? ओहोटी हाय. ती जेवाला गेलीन चिखलान, लांब. पानी भरलं का हितंच येतीन आरामाला. गेल्या सालीपन एक मास्तर सकालचाच आलेला, टोपीवाला. शून्य लिवून गेला." मग बाबांकडे निरखून बघत म्हणाल्या, "अगो बया! तुमीच ना ते?"

बाबांचे कान लाल झाले. गेल्या वर्षी ते एकटेच कुठेतरी पक्षी मोजायला आलेले, एवढंच मला माहीत. कुठे ते मी विचारलंही नव्हतं. वाईट वाटलं मला, पण हसूही आवरेना.

"भरती कधी?" बाबांनी विचारलं. आवाज बारीक.

"आज संकष्टी, म्हंजे चवथ ना? मंग चाराची पाऊनपट करा."

"चार पाऊणे तीन," बाबा पुटपुटले. लहानपणी पाठ केलेली पाऊणकी!

"तीन. आन् आपली खाडी आत, म्हनून आर्दा तास वर."

मी मोबाईलवर भरतीची वेळ बघितली. साडेतीनला दहा कमी. मावशींनी मोबाईलकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग काय, बसलो. साबुदाण्याची खिचडी अकरालाच संपली. मावशींनी तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे केली. मी ताव मारला. बाबा दुसरीकडे तोंड करून बसले, पण सुकटीचा वास कुठे तोंड बघून येतो? दोन वाजता त्यांचे पाय दुखायला लागले. मी म्हटलं, जाऊया घरी. "नाही," म्हणाले. एवढंच.

अडीचला पहिले कुरव आले, पांढरे, चिरकत, आणि बांधावर ओळीने बसले. त्यांच्यामागून पाणटिवळे, लांब चोचींचे, थव्यांमागून थवे. पाणी चढत गेलं तसं मिठागर भरत गेलं. एका पायावर उभं राहून, चोच पाठीत खुपसून, सगळे चक्क झोपले! माझ्या अंगावर काटा आला. गणिताचे मास्तर तीनदा मोजताना चुकले आणि तीनदा पहिल्यापासून सुरू झाले. मावशी मागून ओरडत होत्या, "ती पलीकडची धरलीन का?"

पाचला सात मिनिटं असताना बाबांनी फॉर्म माझ्या हातात कोंबला. मी फोटो काढून पाठवला, वाचलाही नाही. येताना कळव्यात दोन चहा, वीस रुपये.

घरी आल्यावर पाय धुऊन बाबा गॅलरीत चंद्राची वाट बघत बसले. माझे बूट गेले, चेहरा रापला, फ्लेमिंगो एकही दिसला नाही, आणि तरी मी विनाकारण गुणगुणत मोदक वळत होते. एवढ्यात ताईंचा मेसेज आला: "जागा राहतेय! आणि सरांना सांगा, गेल्या वर्षीच्या तक्त्यात मोजणाऱ्याचं नाव नव्हतं, शेरा नसता लिहिला तरी चाललं असतं."

कसला शेरा? मी फोटो मोठा करून बघितला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत शेरे मारलेल्या त्याच टपोऱ्या अक्षरात खाली लिहिलं होतं:

'गेल्या वर्षीचे शून्य खोडावे. पक्षी होते. मी ओहोटीला गेलो होतो.'

आणि त्याखाली, पूर्ण नावाने, सही.